कोणत्या प्रयोगशाळेचा अहवाल खरा?

कर्नाटक सरकारने ११ मार्च २०२४ रोजी बंगळूर येथे एक घोषणा केली. गोबी मंचुरियन व ‘कॉटन कँडी’ म्हणून विकली जाणारी म्हातारीच्या केसांची मिठाई या दोन पदार्थांत कृत्रिम रंग वापरण्यास राज्यभर बंदी घालण्यात आली. राज्याच्या निरनिराळ्या भागांतून गोबी मंचुरियनचे १७१ नमुने घेण्यात आले होते. त्यांपैकी १०७ नमुन्यांत घातक कृत्रिम रंग आढळले. मिठाईच्या २५ नमुन्यांपैकी १५ नमुन्यांचे तसेच झाले. त्यांत ऱ्होडामिन-बी हा रंगही होता. हा रंग कापड रंगविण्यासाठी व कारखान्यांत वापरला जातो. खाद्यपदार्थांत तो कोणत्याही प्रमाणात मान्य नाही. बंदी मोडणाऱ्यास सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल, असेही त्या वेळी सांगण्यात आले.

या कारवाईचे स्वागतच करावयास हवे. शाळेच्या फाटकाबाहेर दहा रुपयांची गुलाबी मिठाई घेणारी मुले श्रीमंतांची नसतात. कारखान्याची पाळी संपवून रस्त्याच्या कडेला बशीभर गरम गोबी खाणारा कामगारही पंचतारांकित उपाहारगृहाचा गिऱ्हाईक नव्हे. भेसळीचे विष खालच्या थरांतील जनतेच्या पोटात आधी जाते आणि सर्वांत जास्त जाते. म्हणून भेसळीविरुद्धचा लढा हा कष्टकरी जनतेचा स्वतःचा लढा आहे.

परंतु घोषणा संपते तेथे खटला सुरू होतो. खटल्यात मंत्र्यांचे निवेदन वाचले जात नाही, तर प्रयोगशाळेचा एक कागद वाचला जातो. त्या कागदावर नमुना ‘असुरक्षित’ म्हटला असेल तर आरोपीला शिक्षा होते, ‘प्रमाणित’ म्हटला असेल तर तो सुटतो. मग एकाच नमुन्याविषयी एक प्रयोगशाळा एक सांगते आणि दुसरी त्याच्या उलट सांगते, तेव्हा न्यायालयाने काय करावे? हा प्रश्न वकिलांच्या वादापुरता मर्यादित नाही. भेसळ करणारा धनदांडगा सुटतो की नाही आणि निरपराध हातगाडीवाला तुरुंगात जातो की नाही, हे बहुतांशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. सर्वोच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे बंगळूरच्या घोषणेच्या जेमतेम तीन आठवडे आधी, असुरक्षित अन्नाच्या बाबतीत अन्न सुरक्षा कायद्याच्या तरतुदी भारतीय दंडसंहितेच्या जुन्या कलमांवर मात करतात, असा निर्णय दिला. त्यामुळे अन्न सुरक्षा कायद्याची कार्यपद्धती आणि तिच्या केंद्रस्थानी असलेला प्रयोगशाळेचा अहवाल यांचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

कायद्याची रचना आधी समजून घेणे आवश्यक आहे. १९५४ साली संसदेने अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा केला व तो १ जून १९५५ पासून अमलात आला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखाली निरीक्षक नमुन्याचे तीन भाग करून ते मोहोरबंद करीत असे. एक भाग राज्याच्या सार्वजनिक विश्लेषकाकडे जाई आणि दोन भाग स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे राखून ठेवले जात. विश्लेषकाचा अहवाल प्रतिकूल आला व खटला दाखल झाला, म्हणजे त्या अहवालाची प्रत आरोपीला देणे बंधनकारक होते. प्रत मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत, राखून ठेवलेला भाग केंद्रीय अन्न प्रयोगशाळेकडे पाठवावा असा अर्ज तो न्यायालयात करू शकत असे. अशा केंद्रीय प्रयोगशाळा चार होत्या : कलकत्ता, गाझियाबाद, म्हैसूर आणि पुणे. म्हैसूरची प्रयोगशाळा ही १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत होती.

दोन अहवालांत विरोध आल्यास काय करावयाचे, याचे उत्तर त्या कायद्याने स्पष्टपणे देऊन ठेवले होते. केंद्रीय प्रयोगशाळेच्या संचालकाचे प्रमाणपत्र विश्लेषकाच्या अहवालाची जागा घेईल आणि त्यातील वस्तुस्थितीपुरते ते अंतिम व निर्णायक मानले जाईल, अशी ती तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली कलकत्ता महानगरपालिकेच्या एका खटल्यात तिचा अर्थ उलगडून सांगितला. या प्रमाणपत्रामुळे आधीचा अहवाल रद्दबातल होतो, नमुन्याच्या दर्जाविषयी अंतिम निर्णय होतो आणि त्यातील वस्तुस्थिती खोडून काढता येत नाही, असे हे तीन परिणाम होत. तात्पर्य, दोन्ही कागद तराजूत टाकून कोणता जड आहे ते पाहण्याची मोकळीक न्यायाधीशाला नाही. दुसरा कागद आला की पहिला कायद्याच्या दृष्टीने उरतच नाही.

ही व्यवस्था सोयीची आहे यात शंका नाही. वादाला कोठे तरी शेवट हवाच. तथापि दोन गोष्टींमुळे ती व्यवहारात लंगडी पडत आली. पहिली गोष्ट काळाची. दह्याच्या नमुन्याविषयी दिल्ली महानगरपालिकेने चालविलेला व १९६७ च्या निकालपत्रांत प्रसिद्ध झालेला घीसाराम खटला याचे उत्तम उदाहरण आहे. नमुना घेतल्यावर खटला दाखल करण्यास इतका विलंब झाला की, आरोपीने फेरतपासणी मागितली तोपर्यंत दही नासून गेले होते. फेरतपासणीचा हक्क हा आरोपीच्या बचावाचा मौल्यवान हक्क आहे, आणि सरकारी पक्षाच्या दिरंगाईमुळे तो नष्ट झाला असेल तर पहिल्या अहवालाच्या आधारे शिक्षा देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. या निर्णयाने गरीब विक्रेत्याला संरक्षण मिळाले हे खरे. परंतु भेसळखोरालाही त्यातून एक पळवाट सापडली. खात्यातील एखाद्या कारकुनाने कागद काही महिने दाबून ठेवला की आरोपीची सुटका ठरलेली! २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, अहवाल टपालात टाकला एवढे दाखविणे पुरेसे नाही. तो आरोपीला पोचला हे सिद्ध झाले पाहिजे. म्हणजे एका पोचपावतीच्या अभावीदेखील सारा खटला कोसळू शकतो.

दुसरी गोष्ट नमुन्याची. आधीचा अहवाल कायद्याने पुसून टाकला तरी दोन आकड्यांतील अंतर पुसले जात नाही. एकाच डब्यातील मालाचे तीन भाग केले असतील तर त्यांचे निष्कर्ष जवळपास सारखे यावयास हवेत. ते फार भिन्न आले तर नमुना नीट ढवळून, एकजीव करून घेतलाच नव्हता, असा संशय येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली याच तर्काने, ठराविक मर्यादेपलीकडे फरक असल्यास नमुना संपूर्ण मालाचे प्रतिनिधित्व करीत नाही, असे म्हटले. येथे कायद्यातील ‘अंतिमता’ आणि फौजदारी न्यायातील ‘संशयाचा फायदा’ ही दोन तत्त्वे समोरासमोर उभी राहतात.

अहवाल वेगळे का येतात, हेही पाहिले पाहिजे. प्रत्येक वेळी लाचलुचपत हेच कारण असते असे नाही. दुधाच्या कॅनमध्ये साय वर येते. न ढवळता वरचे माप घेतले तर स्निग्धांश जास्त दिसतो, तळचे घेतले तर कमी. हळद, तिखट, धने यांच्या पोत्यात भेसळीचा भाग सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. दुधाच्या नमुन्यात नासू नये म्हणून फॉर्मॅलिन टाकावे लागते. ते टाकण्यात कसूर झाली तर दुसऱ्या तपासणीपर्यंत मूळचे दूध उरत नाही. शिशासारख्या धातूचे मोजमाप तर दहा लाखांत काही भाग इतके सूक्ष्म असते. काचसामान, पाणी किंवा आम्ल यांतील अशुद्धीसुद्धा आकडा बदलू शकते. वापरलेले यंत्र आणि पद्धत यांनीही फरक पडतो. पदार्थात बंदी असलेला रंग आहे की नाही, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. मान्य पदार्थ ठरलेल्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त आहे की कमी, या सीमारेषेवर मात्र प्रयोगशाळांचे मतभेद हमखास होतात. प्रामाणिक विश्लेषक आपल्या मोजमापातील संभाव्य चूक किती हे जाणतो. न्यायालयात मात्र फक्त एक आकडा पोचतो आणि त्या आकड्याभोवतीची अनिश्चितता प्रयोगशाळेच्या वहीतच राहते.

या साऱ्या दोषांची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली ती २०१५ साली, नेस्ले या बहुराष्ट्रीय कंपनीच्या मॅगी नूडल्सच्या प्रकरणात. उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे २०१४ मध्ये एक नमुना घेण्यात आला. तो पुढे कलकत्त्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत गेला आणि एप्रिल २०१५ मध्ये तिने कळविले की, नमुन्यात शिशाचे प्रमाण दहा लाखांत १७.२ भाग आहे. मान्य मर्यादा होती २.५ भाग, म्हणजे जवळजवळ सातपट. दिल्लीत १३ पैकी १० नमुन्यांत शिसे मर्यादेबाहेर आढळले. उलट गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने घेतलेले नमुने म्हैसूरच्या संस्थेच्या तपासणीत मानकांत बसले. ५ जून २०१५ रोजी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मॅगीचे नऊ प्रकार बाजारातून मागे घेण्याचा आदेश दिला.

कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायमूर्ती कानडे व न्यायमूर्ती कोलाबावाला यांच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला. कंपनीला बाजू मांडण्याची संधी न देता बंदी घालणे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाला धरून नाही, हे एक कारण. सरकारने ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर विसंबून बंदी घातली, त्या कायद्याला आवश्यक असलेल्या अधिस्वीकृत व अधिसूचित प्रयोगशाळा नव्हत्या, हे दुसरे आणि आपल्या दृष्टीने अधिक गंभीर कारण. न्यायालयाने मोहाली, हैदराबाद आणि जयपूर येथील तीन अधिस्वीकृत प्रयोगशाळांकडून नव्याने तपासणी करविली. ऑक्टोबरमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सर्व ९० नमुने मर्यादेच्या आत होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून म्हैसूरच्या संस्थेनेही तपासणी केली. तिचा निष्कर्षही कंपनीला अनुकूल गेला. केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे केलेला सुमारे ६४० कोटी रुपयांचा दावा अखेर २ एप्रिल २०२४ रोजी फेटाळला गेला.

या निकालांनंतरही कंपनीने विषच विकले असे म्हणत राहणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तसे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु सर्व काही ठीक होते असे म्हणून हात झटकणेही तितकेच चूक आहे. कारण मुख्य प्रश्न अनुत्तरितच राहिला : कलकत्त्याच्या प्रयोगशाळेला १७.२ हा आकडा मिळाला कसा? नमुना दूषित झाला, यंत्र चुकले, पद्धत चुकली, की त्या विशिष्ट खेपेतच दोष होता? देशाच्या केंद्रीय प्रयोगशाळेचा निष्कर्ष सातपटीचा असावा आणि नंतरच्या प्रयोगशाळांनी तो मर्यादेच्या आत दाखवावा, याचा शास्त्रीय उलगडा जनतेपुढे मांडण्याची जबाबदारी सरकारची होती. ती पार पाडली गेली नाही. खटला संपला, आईबापांच्या मनातील शंका संपली नाही.

हा केवळ एका प्रयोगशाळेचा दोष असता तर गोष्ट निराळी होती. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार, ज्या ७२ राज्य प्रयोगशाळांकडे अन्नाचे नमुने पाठविले जात होते त्यांपैकी ६५ प्रयोगशाळांना राष्ट्रीय अधिस्वीकृती नव्हती. पात्र मनुष्यबळ नाही, चालू स्थितीत यंत्रे नाहीत, अशी नोंद त्याच अहवालाने केली. सार्वजनिक प्रयोगशाळा उपाशी ठेवावयाच्या आणि मग त्यांचे अहवाल न्यायालयात टिकत नाहीत म्हणून खाजगी प्रयोगशाळांकडे जावयाचे, हा क्रम रेशन दुकानांपासून सरकारी इस्पितळांपर्यंत जनतेने पाहिलेला आहे. बड्या कंपनीच्या निष्णात वकिलांना येथे फारसे काही सिद्ध करावे लागत नाही. सरकारनेच आपल्या हत्यारावर गंज चढू दिला आहे, एवढे न्यायालयाला दाखविले की पुरते.

आता दुसरे दृश्य पाहावे. उत्तर प्रदेशात १९९५ साली एका दूधविक्रेत्याचा नमुना घेण्यात आला. स्निग्धांश ४.६ टक्के भरला. परंतु स्निग्धेतर घनपदार्थ ८.५ टक्क्यांऐवजी ७.७ टक्के निघाले. हे प्रकरण खालच्या न्यायालयापासून वर जात जात सर्वोच्च न्यायालयात पोचले व ऑक्टोबर २०१९ मध्ये निकाली निघाले. एकदा मानक ठरले की किरकोळ कमतरता हीही कायद्याच्या दृष्टीने भेसळच होय, असे म्हणून न्यायालयाने शिक्षा कायम केली. कायद्याच्या भाषेत या निकालाला नाव ठेवता येणार नाही. पण बंदीच्या आदेशापासून तो रद्द होण्यापर्यंत बहुराष्ट्रीय कंपनीला ६९ दिवस लागले आणि ०.८ टक्क्यांच्या प्रकरणात दूधवाल्याच्या डोक्यावर २४ वर्षे टांगती तलवार राहिली, ही तुलना विसरता येत नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न प्रयोगशाळेच्या आकड्याचाच होता. फरक होता तो त्या आकड्याला आव्हान देण्याच्या ऐपतीत.

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने, जो ५ ऑगस्ट २०११ पासून जुन्या कायद्याच्या जागी आला, या ऐपतीचा प्रश्न सोडविला काय? कागदावर त्याने काही सुधारणा केल्या आहेत. आता नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो व त्याने १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात. आणि चौथा भाग, व्यावसायिकाने मागणी केल्यास, अधिस्वीकृत प्रयोगशाळेकडे जातो. या दोन तपासण्यांत विरोध आला तर राखून ठेवलेला भाग रेफरल प्रयोगशाळेकडे पाठविणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि तिचा निर्णय अंतिम आहे. चौथा भाग मागितला नसेल तर विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. मात्र तेथे नमुना रेफरल प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा की नाही, हे अधिकारी ठरवितो.

येथेच खरी मेख आहे. चौथ्या भागाच्या तपासणीचा खर्च व्यावसायिकाने करावयाचा असतो. कंपनीकडे स्वतःची प्रयोगशाळा, रसायनतज्ज्ञ आणि कायदा विभाग असतो. नमुना घेतला जात असतानाच ती चौथा भाग मागते. बंगळूरच्या पदपथावरील गोबीवाल्याला असा हक्क आहे हे सांगणार कोण? साध्या कागदावर अंगठा किंवा सही घेऊन अधिकारी निघून जातो. जेव्हा इंग्रजीतील अहवाल हाती येतो तेव्हा तीस दिवस मोजावयाचे असतात, हेही त्याला ठाऊक नसते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने परस्परविरोधी अहवाल निर्माण होऊ शकतो तो फक्त पैसे भरू शकणाऱ्याच्या प्रकरणात. गरिबाच्या प्रकरणात अहवाल एकच असतो, म्हणून तो निर्विवाद असतो!

याला जोडूनच हमीचा प्रश्न येतो. माल पुरविणाऱ्याने विक्रेत्याला लेखी हमी द्यावी, असे जुना कायदाही सांगत होता व नवाही सांगतो. बिल हीच हमी मानली जाते. मोठ्या दुकानदाराकडे बिल असते. तो ते पुढे करतो आणि दोष पुरवठादाराकडे सरकवतो. हातगाडीवाला मंडईतून रंगाची पुडी सुट्टी विकत घेतो. त्या पुडीवर नाव नसते, की बिल मिळत नाही. रंग बनविणारा व तो घाऊक विकणारा पडद्याआड राहतो आणि साखळीतील शेवटचा, सर्वांत दुबळा दुवा तेवढा पकडला जातो. गोबीवाल्याने रंग घातला असेल तर तो दोषी आहेच. पण रंगाचा कारखाना मोकळा ठेवून बशी जप्त करण्याने भेसळ थांबत नाही.

अशा स्थितीत दोन सोपी उत्तरे पुढे केली जातात. बड्या उद्योगांचे पुरस्कर्ते म्हणतात की प्रयोगशाळांचा भरवसा नाही, तेव्हा तुरुंगवासाची तरतूद काढून केवळ दंड ठेवावा. दंड हा मोठ्या कंपनीच्या हिशेबात व्यवसायाचा खर्च ठरतो. हा मार्ग जनतेला मान्य होणार नाही. दुसऱ्या बाजूला भडकलेले लोकमत फाशी-जन्मठेपेची मागणी करते. ती भावना समजण्यासारखी आहे. परंतु ज्या अहवालाच्या पायावर शिक्षा उभी करावयाची तोच डळमळीत असेल, तर शिक्षा जितकी कडक तितकी न्यायालये आरोपीला संशयाचा फायदा देण्यास अधिक प्रवृत्त होतात. जुन्या कायद्यात किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास होता. त्याने भेसळ संपली नाही.

खरा मार्ग तिसरा आहे. प्रत्येक राज्य प्रयोगशाळा पुरेसा कायम कर्मचारीवर्ग, यंत्रे आणि अधिस्वीकृती यांनी सज्ज करणे ही सरकारची पहिली जबाबदारी आहे. हे काम कंत्राटावर टाकता कामा नये. केवळ नोंदणी असलेल्या लहान विक्रेत्यांच्या चौथ्या भागाच्या तपासणीचा खर्च सरकारने सोसावा. नमुना घेतानाच त्याच्या भाषेतील, मग ती कन्नड असो, मराठी असो वा उर्दू, छापील पत्रकाने त्याला आपले हक्क व मुदती सांगितल्या जाव्यात. शिजविलेल्या व नाशिवंत पदार्थांच्या फेरतपासणीसाठी दिवसांत मोजलेली मुदत असावी आणि विलंबाची जबाबदारी संबंधित अधिकाऱ्यावर निश्चित व्हावी. दोन प्रयोगशाळांत विरोध आल्यास रेफरल प्रयोगशाळेने केवळ निकाल न देता पद्धत, मोजमापातील संभाव्य चूक आणि विरोधाचे कारण लेखी नमूद करावे, व ते सर्वांना वाचावयास मिळावे. प्रत्येक ‘असुरक्षित’ नमुन्यामागे त्या पदार्थाच्या पुरवठादारापर्यंत तपास पोचला की नाही, याचा हिशेबही सरकारने विधिमंडळापुढे ठेवावा.

या मागण्या आपोआप मान्य होणार नाहीत. फेरीवाल्यांच्या संघटनांनी त्या आपल्या सभासदांच्या बचावासाठी उचलल्या पाहिजेत आणि महिला व कामगार संघटनांनी खाणाऱ्यांच्या आरोग्यासाठी. या दोन गटांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हे भेसळीच्या खऱ्या सूत्रधारांच्या फायद्याचे असते. मिठाई विकणारा आणि ती मुलाला घेऊन देणारी आई एकाच वस्तीत राहतात. विश्वासार्ह सार्वजनिक प्रयोगशाळा ही दोघांचीही गरज आहे. बंगळूरमध्ये नापास ठरलेल्या त्या १०७ नमुन्यांपैकी किती खटले उभे राहिले, किती प्रकरणांत दुसरी तपासणी झाली आणि रंग पुरविणारे किती जण आरोपीच्या पिंजऱ्यात आले, हे कर्नाटक सरकारला विचारण्याचा अधिकार त्या दोघांनाही आहे. बंदीच्या घोषणेची किंमत त्या उत्तरावरून ठरेल.